अकरा घरांचा सोमवार

सोमवारी आमच्या घरात अय्या जेवल्याशिवाय कोणी तोंडात घास घालत नसे. पाच वर्षांखालची पोरं आणि गोठ्यातली जनावरं तेवढी सुटलेली. बाकी सगळे, अगदी शेतावर गेलेले पुरुषसुद्धा, रविवारच्या रात्रीच्या भाकरीवर सोमवारची दुपार गाठायचे.

अय्या म्हणजे आम्हा लिंगायतांचे जंगम. लग्न, बारसं, मयत, सगळ्याला तेच. आमचं गाव अणदूरपासून दीड कोसावर, आणि गावात जंगमाचं घर एकच. साठी उलटलेले, काटकुळे, कपाळभर भस्म लावलेले हे अय्या एकटेच राहायचे. मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवायचे, पण आमच्याकडं त्याचं कोणाला काही वाटत नसे.

नेम मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा होता. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी थोरले भावजी मुदतीच्या तापानं पडले होते. एकविसाव्या दिवशी वैद्यानं हात टेकले, तेव्हा मामंजी महादेवाच्या देवळात गेले आणि चार माणसांसमोर बोलले, ‘पोरगा उठला तर दर सोमवारी अय्या माझ्या घरी जेवतील, आणि ते जेवल्याशिवाय माझं घर जेवणार नाही.’ भावजी उठले. मामंजींच्या शब्दाला तालुक्यात किंमत होती. पटवारी आणि त्याच्यावरचा गिरदावर एरवी कोणाचं ऐकून घेत नसत, पण मामंजींनी सांगितलेल्या बांधाची ते फेरमोजणी करत नसत. अशा घरात सून म्हणून आल्याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

मी सोलापूरची, म्हणजे इंग्रजांच्या खालसा मुलखातली. मराठी सहा यत्ता झालेली. वडिलांच्या घरी सगळं यादीनं चालायचं: वाण्याची यादी, धोब्याची यादी, पाहुण्यांची यादी. निजामाच्या मोगलाईत आले तेव्हा ट्रंकेत एक शिसपेन्सिल आणि दोन कोऱ्या वह्या घेऊन आले. पहिल्या महिन्यात मी कोठीतल्या मडक्यांची यादी केली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “मडकी काय पळून जातात व्हय?” पण पुढच्या पाहुणचाराला डाळीचं मडकं शोधायला लागलं नाही, तेव्हा त्या गप्प बसल्या.

नेम एका घराचा होता तोवर अडचण नव्हती. पण चांगल्या घराचं बघून दुसरी घरंही तसंच करतात. कोणाची गाय अडली, कोणाचा दावा परांड्याच्या कचेरीत अडकला, कोणाला नातू हवा होता. वर्षभरात नेमाची घरं अकरा झाली. ती लढाईची वर्षं. सरकारी लेव्हीची ज्वारी खळ्यावरूनच उचलली जायची, रॉकेल मिळायचं तर साखर मिळायची नाही. तरी अकरांतल्या एकाही घरानं अय्यांच्या ताटातली भाकरी पातळ केली नाही. हेही मी अभिमानानंच सांगते.

आणि इथंच घोटाळा होता. आमच्यात जंगमानं ताटात काही टाकायचं नसतं. तो प्रसाद. ताट पुसून खायचं, मग त्यात पाणी घालून ताट धुवायचं आणि ते पाणीही प्यायचं. म्हणजे अकरा घरी अकरा ताटं, आणि प्रत्येक ताट स्वच्छ.

पहिल्या वर्षी मी हे नुसतं बघत होते. यादी करायची वेळ आली ती जाऊबाई बाळंत होऊन माहेराहून परत आल्यावर. मी त्यांना अक्का म्हणायचे. त्यांची आधीची दोन मुलं बाळसं धरायच्या आधीच गेली होती. ही तिसरी मुलगी, तीन महिन्यांची, मनगटं काडीसारखी. अय्या आळीच्या वरच्या टोकापासून यायचे; अकरांत आमचं घर सातवं. अय्या आमच्याकडं पोचेपर्यंत दुपारचे तीन व्हायचे. सोमवारी दिवस चढला की अक्कांचं दूध आटायचं. मंगळवारीही पुरतं भरायचं नाही. बुधवारी कुठं पोर पोटभर पिऊन झोपायची, आणि पाच दिवसांनी पुन्हा सोमवार.

आत्याबाईंनी पहिल्याच सोमवारी त्यांच्यापुढं ताट ठेवलं होतं.

“बाळंतिणीला नेम नसतो. खाऊन घे.”

अक्कांनी ताट सरकवलं. “आत्याबाई, नेम कुणासाठी बोललाय?”

आत्याबाईंनी ताट उचलून आत नेलं. नेम त्यांच्याच नवऱ्याच्या जिवासाठी बोललेला. उद्या भावजींना साधी कणकण आली असती तरी आळीनं म्हटलं असतं, बायकोला दम निघाला नाही. आणि आळीचं सोडा, त्या स्वतःच तसं म्हणाल्या असत्या. एका हाताला नवरा, एका हाताला लेक. मला त्यांनी बजावलं, “मामंजींच्या कानावर हे जाऊ द्यायचं न्हाय. माझ्यापायी या घराचा शब्द हलला असं व्हायला नको.”

म्हणजे नेम मोडायचा नाही आणि अक्कांनी दुपारच्या आत जेवायचं. माझ्यापुढं काम एवढंच होतं, आणि मला वाटलं, हे तर यादीचं काम आहे.

मी मोजलं. पाय धुणं, लिंगपूजा, ताट, विडा, दोन शब्द बोलणं, असा एका घराला सव्वा तास. अकरा घरांना पावणेचौदा तास. एवढा लांब सोमवार निजाम सरकारच्या कॅलेंडरातही नव्हता. गावात घड्याळ एकच, चावडीतलं, आणि चपराशाला आठवण झाली की त्याला चावी मिळायची. म्हणून मी वेळा देवळापुढच्या दीपमाळेच्या सावलीवर लिहिल्या. पूजा अकरा घरांची मिळून एकच, पहाटे देवळात. मग प्रत्येक घरी फक्त ताट, अर्धा तास. दुपारी बारा-साडेबाराला अकराव्या घरचं ताट धुऊन झालेलं असेल.

सुना तेव्हा सासऱ्यांशी समोर बोलत नसत. मी दाराआड उभी राहिले आणि आत्याबाईंनी वही पुढं केली.

“धाकटीनं लिवलंय.”

मामंजींनी वही लांब धरून वाचली. “अय्यांना त्रास कमी हुईल,” एवढंच म्हणाले आणि स्वतः दहा घरी जाऊन सांगून आले. दहाही घरं हो म्हणाली. त्या रात्री मी इतकी खूश होते की वहीत खाली तारीख घालून सही केली.

सोमवारी अय्या आमच्याकडं आले तेव्हा साडेचार वाजले होते, म्हणजे नेहमीपेक्षा दीड तास उशीर. चौकशी केली तर प्रत्येक घरानं पूजा पुन्हा केलेली. तिसऱ्या घरची म्हातारी मला विहिरीवर म्हणाली, “आमच्या पाटावर पूजा झाली न्हाय तर अय्या आमच्याकडं आले असं कसं म्हनायचं गं?” वर पुन्हा, वेळ थोडा म्हणून ताट भारी. एरवी आमटी-भाकरी करणाऱ्या घरांनी हुग्गी केली होती, गव्हाची, गुळाची, तुपाची. हुग्गी घाईनं खाता येत नाही.

दुसरी यादी मी ताटाची केली. विचार सरळ होता: अकरा घरी अकरा जेवणं कशाला? एकच जेवण अकरा घरांत वाटून द्यावं. पहिल्या घरी भाकरी, दुसऱ्या घरी पिठलं, तिसऱ्या घरी शेंगांची चटणी, पुढं भात, कढी, असं करत अकराव्या घरी विडा. म्हणजे अय्या दिवसभरात एकदाच जेवले, आणि अकराही घरी जेवले. हिशेबात कुठं फट नव्हती. पण चटणी जिच्या वाट्याला आली ती बाई, मी आळीत फिरवलेली वही घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

“चटनीचं घर आमचं का म्हनून? आमी काय भाकरी थापत न्हाय व्हय?”

“काकू, पुढल्या सोमवारी पाळी बदलेल. तुमच्याकडं भात येईल.”

“आन् ह्या सोमवारी काय सांगू म्हादेवाला? घरात चटनीच हुती म्हनून?”

तिच्या मागं कढीवाली उभी होती, आणि तिच्या मागं पिठलंवाली. आत्याबाई आतून हसत होत्या, मला ऐकू येत होतं. भाकरीचं घर मिळालेली बाई तेवढी खूश होती आणि तिनं ते सगळ्यांना सांगितलं, त्यानं आणखी बिघडलं. ही यादी एकही सोमवार बघू शकली नाही.

तिसरा उपाय अणदूरचा. दोन जंगम असले तर सहा घरं एकाला, पाच दुसऱ्याला. खंडोबाच्या दर्शनाला भावजी तिकडं निघाले होते, त्यांच्याबरोबर तिथल्या अय्यांना निरोप दिला. भावजी परत आले ते हसतच.

“ते म्हनले, तुमच्या गावात अकराच? माझ्याकडं चौदा हायत. तुमच्या अय्यांना म्हनावं, लई सुखात हाय तुमी.”

अक्का पोरीला मांडीवर घेऊन हे ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत. पोर रडत होती तेही मोठ्यानं नाही, मोठ्यानं रडायला अंगात ताकद लागते.

असे तीन महिने गेले. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तीन वाजून गेले तरी आळीच्या वरच्या टोकाला अय्या दिसेनात. मग पाचव्या घरची सून धावत आली आणि आत्याबाईंना म्हणाली, “अय्या उठंनात. ताट धुतलं, पानी प्याले, आन् तितंच आडवे झाले.”

आत्याबाई निघाल्या, मी त्यांच्या मागं निघाले. जाताना पाहिलं, अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, पोर पदराखाली.

पाचव्या घरच्या ओसरीवर अय्या घोंगडीवर पडले होते. चेहऱ्याला घाम, हात पोटावर. सहा घरची माणसं अंगणात जमलेली, सगळी उपाशी. कोणी ओवा आणत होतं, कोणी हिंग. आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, “अय्या, काय हुतंय?”

“काय न्हाय तायी,” अय्या म्हणाले. “मला भूक लागून लई दिवस झाले. सोमवारचं बुधवारपत्तर उतरत न्हाय. मंगळवारी मी चूल पेटवतच न्हाय.”

“मग बोलायचं न्हाय?”

“कुनाला न्हाय म्हनू? पयल्या घराला का अकराव्या?” त्यांनी श्वास घेतला. “भक्तानं पाय धुतल्यावर जंगमानं ताट सारायचं नसतं. माझ्या बापानं मला एवढंच शिकवलं.”

मला तेव्हा माझी लाज वाटली. तीन याद्या केल्या, अकरा घरांच्या सोयी धरल्या, दीपमाळेच्या सावलीचा विचार केला. जेवणाऱ्याच्या पोटाचा रकाना कुठल्याच यादीत नव्हता. खरं तर ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस दर सोमवारी आमच्या पाटावर बसत होता.

मामंजी कधी येऊन अंगणात उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. त्यांना बघून अय्या उठायला लागले.

“चला. तुमचं घर राहिलंय.”

“पडून ऱ्हावा,” मामंजी म्हणाले.

“घरचे उपाशी असतील.”

आणि मी बोलले. सासऱ्यांसमोर, सहा घरच्या माणसांसमोर, माझं तोंड पहिल्यांदा उघडलं. “अय्या, आमच्या घरी बाळंतीण उपाशी आहे. पोरीला दूध नाही.”

 आत्याबाईंनी माझा दंड धरला, पण दाबला नाही. अय्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मामंजींकडं.

“किती दिवस?”

“दर सोमवारी,” मी म्हटलं. “सहा महिन्यांची होत आली पोर.”

अय्या परत आडवे झाले. पडल्या पडल्या म्हणाले, “मी हितं पोट फुटंस्तोवर खातोय, आन् तितं बाळंतीण उपाशी. कसला म्हादेव ह्यानं जेवल?” मग मामंजींना म्हणाले, “तुमचा नेम सोडला म्या. आजपासनं न्हाय.”

कोणालाही वाटलं असतं की काम झालं. मलाही वाटलं. पण मामंजी मान हलवत होते.

“अय्या, तुमी सोडाल. पर शब्द म्या दिलाय. आन् तुमी सोडलं म्हनून थोरली सून जेवनार न्हाय. मला म्हाईत हाय ती.”

ते वळले आणि घराकडं चालू लागले. आम्ही दोघी मागून जवळजवळ पळतच होतो. सोप्यात पोचल्यावर त्यांनी हात-पाय धुतले, पाटावर बसले आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, “सूनबाई, ताट वाढ.”

अय्यांसाठी मांडलेलं ताट तिथंच होतं. ते कोणी हलवलं नव्हतं. मी दुसरं वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. घाईत आमटी ताटाच्या काठावर सांडली. मामंजींनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात जोडले, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. घाई केली नाही. तो घास गिळल्यावर मधल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, “थोरल्या सूनबाई, म्या जेवलो.”

आत पोर कुरकुरली.

“नेम माझा हुता. म्या मोडला, तू न्हाय. आता काय व्हायचं आसंल ते माझ्या एकट्यावर. आन् माझा पोरगा वावरात हाय, मगाशी त्याला वखर हानताना बघून आलोय. त्याला काय झालं न्हाय. ताट घे.”

आत्याबाईंनी आत ताट नेलं. मी दारातून बघत होते. अक्कांनी पहिला घास हातात बराच वेळ धरून ठेवला. मग खाल्ला. मग न बोलता तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागितली. मामंजींची भाकरी केव्हाच संपली होती. घरातलं मोठं माणूस हात धुवून उठलं की सुनेचा घास तिथंच थांबतो, अशी तेव्हा रीत होती. मामंजी रिकाम्या ताटापुढं, हात वाळेपर्यंत, अक्कांची चौथी भाकरी संपेस्तोवर बसून राहिले. मी त्यांच्याकडं तेवढं एकदाच नीट बघितलं, आणि त्यानंतर मला त्यांची भीती कधी वाटली नाही.

पुढच्या सोमवारी पहाटे अकरा घरचे कर्ते पुरुष देवळात जमले. अय्या बरे झाले होते. त्यांनी आपल्या बापाची जुनी रीत काढली: हातात घंटा, खांद्याला झोळी, दारोदार चतकोर भाकरी घ्यायची आणि देवळाच्या ओवरीत बसून एकदाच जेवायचं. कोणाच्या घरची चटणी, कोणाच्या घरची भाकरी, हे झोळीत गेल्यावर कोणाला कळत नव्हतं. माझ्या दुसऱ्या यादीला जे जमलं नाही ते झोळीनं केलं. मी ते वहीत लिहून ठेवलं, माझ्या नावावर नाही.

पण त्या पहाटे देवळात दोन घरं फुरंगटून बसली होती. त्यांचं म्हणणं, नेम म्हणजे नेम, झोळी म्हणजे भीक. माझ्या दुसऱ्या यादीत भाकरी मिळालेल्या घराचे मालक मामंजींना सगळ्यांदेखत म्हणाले, “नेमाची सुरवात तुमीच केली, आन् मोडला बी तुमीच. सुनेपायी मोडला म्हना की.”

महादेवाला पाणी घालायला आलेल्या आम्ही बायका नंदीमागं उभ्या होतो. अक्काही होत्या, पोर कडेवर. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मामंजींना आयुष्यात कोणी खोटं बोलताना धरलं नव्हतं. त्यांनी अंगावरचं उपरणं नीट केलं.

“सुनेचा काय संबंध?” ते म्हणाले. “दुपारी चार वाजता मला भूक लागली. म्हातारपण हाय. ऱ्हावलं न्हाय, जेवलो.”

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले. गावात नंतर कितीतरी वर्षं ही थट्टा चालली की अमक्या घरच्या म्हाताऱ्याला चार वाजता भूक लागली आणि अकरा घरांचे नेम सुटले. मामंजींनी ती थट्टा एकदाही नाकारली नाही. आणि अक्कांचं नाव त्या बोलण्यात कधीही आलं नाही.